मंगळवारची सभा

मंगळवार, ४ फेब्रुवारी

आज टीव्हीचं कनेक्शन तोडलं. तोडा असं मीच फोन करून सांगितलं होतं, पण तोडणारा माणूस नेमका मंगळवारी उगवेल हे मला काय माहीत! ताईने माझ्याशी अबोला धरलाय. कॉटवर पडून असलेल्या माणसाचा अबोला फार जड जातो. तिला उठून दुसऱ्या खोलीत जाता येत नाही आणि मला जाववत नाही.

मंगळवारी संध्याकाळी स्थानिक वाहिनीवर नगरपरिषदेची सभा दाखवतात. अख्ख्या शहरात ती बघणारी बहुधा आमची ताई एकटीच असेल. तिने त्या सभागृहात जन्मभर लघुलेखिका म्हणून नोकरी केली, सगळ्यांची भाषणं उतरवून घेतली. निवृत्त झाली तरी सवय सुटली नाही. शरीराची डावी बाजू गेल्यापासून तिला हसवणारी तेवढी एकच गोष्ट उरली आहे. त्यातही एक सभासद तिचे खास लाडके. ती त्यांना ‘मुद्देसाहेब’ म्हणते. ते उठतात, घसा खाकरतात, ‘मी थोडक्यात मुद्द्यावर येतो’ म्हणतात आणि मग वेळ संपल्याची घंटा वाजेपर्यंत इकडचं तिकडचं बोलून खाली बसतात. ‘मी नोकरीला लागले तेव्हा तरुण होता गं तो,’ ताई म्हणते. ‘केस गेले, दात गेले, मुद्दा काही आला नाही.’ सभा चालू असते तेव्हा तिचा चांगला हात चादरीवर चालू असतो. बोटाने ती अजून सगळं उतरवून घेते.

पण पॅकेजचे दर पुन्हा वाढले. वर सिस्टरचा पगार, कॉटचं भाडं, हवेच्या गादीचं भाडं. कुठेतरी कात्री लावायलाच हवी होती, आणि कात्री लावणं हाच माझा धंदा. लोकांच्या पँटी आखूड करण्यात माझं आयुष्य गेलं. कात्री चुकीच्या जागी लागली की काय होतं ते मला कळायला हवं होतं.

रात्रीचं सूप तिने तोंड मिटून परत पाठवलं.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

बोहनीच्या वेळेलाच विजेच्या सामानाच्या दुकानात गेले. दुकानदाराला म्हटलं, आम्हाला शंभर वाहिन्या नकोत, एकच हवी आहे, तीही गावातलीच. तो म्हणाला, ‘मग पैसे कशाला घालवताय बाई? गावातल्या वाहिन्या हवेतून येतात. फुकट.’ हवेतून फुकट येणारी धूळ तेवढी मला ठाऊक. पण त्याने एक काळा पत्र्यासारखा चपटा तुकडा हातात दिला, त्याला लांबलचक वायर. हाच म्हणे अँटेना. एकदाच काय ते पैसे द्यायचे, पुढे दरमहा काही नाही.

घरी आले तेव्हा सिस्टर ताईचं अंग पुसत होती. मी तोवर अँटेना खिडकीला चिकटवला, वायर टीव्हीला जोडली, दुकानदाराने सांगितल्याप्रमाणे बटणं दाबली, आणि खरंच! स्थानिक वाहिनी लागली. पाण्याच्या टाकीवर कोणीतरी बोलत होतं. चेहऱ्यावरचा तीळसुद्धा दिसत होता. सिस्टरने ओला टॉवेल तसाच हातात धरून टाळी वाजवली. ताई म्हणाली, ‘छोटे, तुला अक्कल आहे तर!’ तिच्या तोंडून हे ऐकायला साठी ओलांडावी लागली.

खिडकी कॉटच्या डोक्याशी आणि टीव्ही पायांशी, भिंतीवर. एवढी वायर जमिनीवर लोळत ठेवली असती तर सिस्टर अडखळून पडली असती. म्हणून मी जुन्या अस्तराची एक लांब नळी शिवली, वायर तीत घातली आणि कॉटच्या कडेने नीट टाचून पायथ्यापर्यंत नेली. उरलेल्या वायरीची गुंडाळी करून पायथ्याच्या दांड्याला, गादीत हवा भरणारं मशीन लटकतं त्याच्या शेजारी बांधली. काम असं झालं की वायर आहे हे कळूसुद्धा नये.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

कसली सभा आणि कसलं काय.

सकाळी चित्र लख्ख. रोज सकाळी, सिस्टर अंग पुसते तेव्हा, मी मुद्दाम लावून बघते, लख्ख असतं. आणि संध्याकाळी नुसते चौकोन. अध्यक्षांचं अर्धं तोंड एकीकडे, अर्धं दुसरीकडे. मुद्देसाहेब उठले हे त्यांच्या कोटावरून ओळखलं. ‘मी थोड’ एवढं ऐकू आलं आणि मग सगळंच गोठलं. ताईचं बोट चादरीवर अधांतरी थांबलं.

मी अँटेना सोडवून हातात धरला. खिडकीत उभी राहिले, स्टुलावर उभी राहिले, हात वर केले. एका विशिष्ट कोनात धरला की दोन शब्द नीट यायचे. सभा संपेपर्यंत मी तशीच ताईच्या डोक्यामागे उभी. ती म्हणाली, ‘अगं खाली बस ना. तुझंही तोंड दिसत नाही आणि त्याचंही नाही.’ मी म्हटलं, ‘तू समोर बघ. मी इथे कोणासाठी मरतेय?’

मरतेय हा शब्द तोंडातून गेला आणि मी अँटेना उगाचच दुसऱ्या हातात घेतला.

मला वाटतं, संध्याकाळी लोक कामावरून घरी येतात, जो तो आपापला टीव्ही लावतो आणि सिग्नल पुरत नाही. नळाला होतं तसंच. आम्ही पडलो मधल्या मजल्यावर.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

खालच्या मजल्यावरचे काका येऊन गेले. हे गृहस्थ रेडिओ दुरुस्त करायचे, निदान तसं सांगतात. इमारतीतल्या प्रत्येक गोष्टीवर त्यांचं मत असतं आणि ते जिन्यात उभं राहूनच द्यायचं असतं. आज मात्र चहाच्या आशेने आत आले. नळाच्या पाण्याचा माझा सिद्धांत ऐकून इतके हसले की ठसका लागला. ‘सिग्नल काय पिंपात भरतात का हो? घरात कुठेतरी मोटार चालत असणार. मोटार असली की चित्र फाटतं. तुमचं शिलाई मशीन बघा.’

माझं शिलाई मशीन! आतल्या खोलीत दिवसभर तेच तर चालू असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणजे ताईची सभा मीच फाडत होते.

ताई कॉटवरून म्हणाली, ‘काका, मोटार म्हणजे कुठलीही मोटार का?’ काका म्हणाले, ‘कुठलीही.’ ती पुढे काही विचारणार होती, पण मी मध्येच म्हटलं की मंगळवारी संध्याकाळी मशीनला हातसुद्धा लावणार नाही. काका चहा घेऊन गेले. ताई बराच वेळ आपल्या पायांकडे बघत पडून होती. पायांना मुंग्या येतात का विचारलं तर म्हणाली, नाही.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

शिलाई मशीनची पिन काढली. फ्रिज बंद केला. पंखा बंद केला. घड्याळाचा सेलसुद्धा काढला. घरात आम्ही दोघी आणि गादीची घरघर. आणि चित्र? तेच चौकोन.

मी अक्षरशः रडकुंडीला आले. अँटेना खिडकीवरून दारावर, दारावरून कपाटावर. ताई तेवढ्यात म्हणाली, ‘छोटे, ते गादीचं मशीन जरा बंद करून बघ.’

मी म्हटलं, ‘वेड लागलंय का तुला? पाठीला जखमा होतील. डॉक्टरांनी काय सांगितलंय? गादी अजिबात बंद ठेवायची नाही.’

‘सिस्टर रोज बंद करते. अंग पुसताना.’

‘ती बाजूला उभी असते. तुला आवाजाचा त्रास होतो हे कळतंय मला, पण ते होणार नाही.’

‘आवाजाचा नाही गं. सभेपुरतं...’

‘नाही म्हणजे नाही.’

तिने माझ्याकडे बघितलं. लहानपणापासून या घरात शेवटचा शब्द तिचाच. माझी शाळा, माझा धंदा, माझं लग्न न होणं, सगळ्यात तिचाच. आज पहिल्यांदा मी नाही म्हटलं आणि ते टिकलं. ती हसली आणि म्हणाली, ‘बरं बाई. कामकाज संपलं.’

खोटं कशाला लिहू, थोडं बरंही वाटलं. घरात आता ताठ उभं राहणारं माणूस मीच आहे. कोणीतरी नियम पाळायला हवेत.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

पहाटे ताईला पुन्हा झटका आला. डॉक्टर येऊन गेले. बाहेर जिन्यापाशी नेऊन मला म्हणाले, आता हॉस्पिटलमध्ये नेऊन काही साधेल असं वाटत नाही. त्यांना हवं ते द्या. जवळ बसा.

डॉक्टर जिना उतरून गेले आणि मी दारात उभी राहून पायाने पायपुसणं सरळ करत राहिले. ते सरळच होतं.

ताईचं बोलणं आता घोटाळतं. एखादा शब्द स्पष्ट येतो, बाकीचे तोंडातच राहतात. जिने अख्ख्या गावाचं बोलणं उतरवून घेतलं, तिचं बोलणं उतरवून घ्यायला मी एक, आणि मला ते समजत नाही.

हवं ते द्या म्हणे. तिला काय हवं ते मला पक्कं माहीत आहे. मंगळवारच्या आत अँटेना गच्चीवर चढवणार. मग कोण काय म्हणेल ते म्हणो.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

गच्चीची किल्ली काकांनी मिळवली. दुकानदाराकडून मोठा अँटेना आणला, माशाच्या काट्यासारखा दिसणारा. वर वारा असा की उभं राहवेना. काका पाइपला पकड लावत होते, मी पाइप धरून होते, आणि प्रत्येक वेळी काका म्हणत होते, ‘थोडा डावीकडे.’ वायर भिंतीवरून खाली सोडली, खिडकीतून आत घेतली, पुन्हा त्याच अस्तराच्या नळीतून कॉटच्या कडेने नेली. सगळं करता करता दुपार कधी सरली, कळलं नाही. सभा सुरू झाली तरी आम्ही गच्चीतच. सिस्टर खिडकीतून मान काढून सांगायची, दिसतं की नाही. ती सारखी एकच सांगत राहिली. नाही. अजून नाही.

खाली आले तेव्हा सभा संपली होती. टीव्हीवर चौकोन. काका म्हणाले, ‘असं व्हायला नको,’ आणि त्यांनी पहिल्यांदाच पुढे काही मत दिलं नाही.

सिस्टर चप्पल घालताना म्हणाली, ‘तुम्हाला विचारत होत्या. दुपारभर. दाराकडे बघायच्या आणि छोटी, छोटी म्हणायच्या.’

‘मग सांगायचं ना, गच्चीवर आहे म्हणून.’

‘सांगितलं. तरी विचारत होत्या.’

तिच्यासाठीच तर गेले होते. हे कोणाला सांगू?

शनिवार, १ मार्च

आज ताईचं बोट फार वेळ चालू होतं. टीव्ही बंद, कोणी बोलत नाही, आणि ती चादरीवर उतरवून घेतेय. मी माझा तळवा तिच्या बोटाखाली धरला. तिने त्यावर लिहिलं. रेघ, वळण, टिंब, पुन्हा रेघ. लघुलिपी. मला एक अक्षर येत नाही. लहानपणी ती शिकवायला मागे लागली होती, तेव्हा मी बाहुल्यांचे कपडे शिवत बसले. मी नुसती हो, हो म्हणत राहिले. तिने हात बाजूला केला. मी समजल्यासारखं करतेय हे तिला समजलं असावं.

मी तिच्याविना कशी राहणार आहे? हे मी रोज भांडी घासताना मनात म्हणते, आज लिहून ठेवलं.

मंगळवार, ४ मार्च

सभा लावली. येईल ते येईल म्हटलं. चौकोनांतून आवाज तुटत तुटत येत होता. मी नेहमीसारखी कॉटच्या कडेच्या वायरशी खटपट करत होते. ताईने चांगल्या हाताने माझी बाही धरली. जोर नव्हता, पण सोडेना. मग मी बसले. कॉटच्या कडेला, तिच्याजवळ. या सगळ्या आठवड्यांत सभेच्या वेळी पहिल्यांदाच.

तिने बाही सोडली आणि बोट पायथ्याकडे केलं. मी तिच्या पायांवर पांघरूण ओढलं. तिने मान हलवली, पुन्हा पायथ्याकडे बोट. मी पाय दाबले. तळवे गार होते. ती डोळे मिटून हसल्यासारखी झाली. म्हणजे तेच हवं होतं. मी सभा संपेपर्यंत पाय चोळत बसले. गादी घरघरत होती, चौकोन नाचत होते, आणि तरीही मला आजची सभा बरी वाटली.

शुक्रवार, ७ मार्च

ताई गेली. सकाळी, सिस्टर यायच्या आधी.

गादी चालूच होती. एक भाग फुगायचा, एक बसायचा, आणि तिचं अंग जरासं हलल्यासारखं वाटायचं. म्हणून मला कळायला वेळ लागला.

मंगळवार, ११ मार्च

लोक येऊन गेले. सगळे म्हणाले, तुम्ही फार केलंत. काका म्हणाले, ‘सख्खी बहीण एवढं करत नाही.’ मी सख्खीच आहे, पण त्यांना काय म्हणायचं होतं ते कळलं.

संध्याकाळी कॉट आणि गादी न्यायला भाड्याच्या दुकानातला माणूस आला. मी दिवा लावावा तसा टीव्ही लावून ठेवला होता. मंगळवार होता ना. ऐकू येत नव्हतं, दिसत नव्हतं, पण चालू होता. गादीचं मशीनही चालूच होतं. शुक्रवारपासून ते बंद करायला माझा हात धजला नव्हता. रिकामी गादी आपली फुगत होती, बसत होती.

त्या माणसाने वाकून पिन काढली. घरघर थांबली. आणि माझ्या पाठीमागून अध्यक्ष स्वच्छ आवाजात म्हणाले, ‘पुढचा विषय.’

मी वळले. एकही चौकोन नव्हता. सभागृहातली लाकडी बाकं, पाण्याचे ग्लास, भिंतीवरचं घड्याळ, सगळं जागच्या जागी.

मी त्या माणसाला म्हटलं, ‘पिन परत लावा.’

‘काय?’

‘लावा हो.’

त्याने लावली. घरघर सुरू झाली आणि अध्यक्षांचे तुकडे झाले. ‘काढा,’ मी म्हटलं. तो काढायचा, ते जोडले जायचे. लावायचा, ते फुटायचे. मी पुन्हा पुन्हा करायला लावलं. शेवटी तो बिचारा मशीनवर हात ठेवून म्हणाला, ‘मावशी, हे मशीन चांगलं चालतंय. काही बिघाड नाही.’

‘थोडा वेळ बंद ठेवलं तर चालतं का?’ मी विचारलं.

‘न चालायला काय झालं? तासभर हवा तशीच राहते. लोक जेवताना बंद करतात, आवाज नको म्हणून.’

मशीन पायथ्याच्या दांड्यावरून सोडवायला माझी ती वायरची गुंडाळी आडवी येत होती. मी कात्री आणली आणि टाके उसवले. फार घट्ट घातले होते, एकेक टाका वेगळा कापावा लागला. ताईने सांगितलं होतं. सरळ शब्दांत सांगितलं होतं, आणि शब्द गेल्यावर बोटाने दाखवलं होतं, आणि मी तिचे पाय चेपले. हे आता कोणाला सांगणार? कोणी म्हणेल, त्यात एवढं काय, एक टीव्हीच तर होता. टीव्ही नव्हता तो. तासभर आम्ही दोघी शेजारी बसून हसलो असतो. प्रत्येक मंगळवारी हसलो असतो. ते मी तिला दिलं नाही, आणि वर नियम पाळला म्हणून ताठ झाले.

तो माणूस कॉट घेऊन गेला. फरशीवर चाकांचे डाग राहिले. मी खुर्ची तिथे ओढली आणि बसले. एवढी स्पष्ट सभा मी कधी बघितलीच नव्हती.

मग एकदाचे मुद्देसाहेब उठले. म्हातारे झालेत, टेबलाला धरून उभे राहिले. घसा खाकरला. ‘मी थोडक्यात मुद्द्यावर येतो,’ म्हणाले. मग म्हणाले, ‘दवाखान्यासमोरच्या बसथांब्यावर बाक नाही. आजारी माणसांना उभं राहावं लागतं. तिथे एक बाक बसवावा. धन्यवाद.’ आणि खाली बसले. घंटा वाजवणाऱ्याचा हात तसाच राहिला. सगळं सभागृह त्यांच्याकडे बघत होतं.

‘ताई, आला गं!’ मी मोठ्याने म्हटलं आणि मान वळवली.

खिडकीपर्यंत नुसती फरशी होती. मी टीव्ही बंद केला नाही. पुढचा विषय कचऱ्याच्या गाड्यांचा होता, तोही शेवटपर्यंत बघितला.